माझ्या मागे वारा लागत नाही

४ मार्च

वन्सं यांस नमस्कार.

फोनवर आपलं भांडण होतं, पत्र लिहिताना डोकं थंड राहतं, म्हणून यापुढे पत्रच लिहायचं असं तुम्ही ठरवलंत. बसले लिहायला. डोकं काही थंड झालं नाही, बोटं तेवढी दुखायला लागली. तुम्ही शाळेच्या लायब्ररीत बसता, तुम्हाला लिहायचं काय. मी चौथीतून उठलेली. अक्षराला हसू नका.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. मी तुमच्याकडे कायमची राहायला येणार नाही. तुमचे भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून मी या एका खोलीत राहते. खोली भाड्याची आहे, पण दार मी लावलं तर लागतं आणि मी उघडलं तर उघडतं. मला तेवढं पुरतं. तुमची आई गेल्यापासून घर मोठं वाटतं म्हणता, तर एक खोली बंद ठेवा. घर लहान होईल.

आता कामाचं. इस्पितळाचा धुलाईखाना गावाबाहेर नव्या इमारतीत गेला. अकरा किलोमीटर. हजेरी सकाळी सहाला, आणि पहिली बस इथून निघते तीही सहाला. बस ठरवणाऱ्याने आणि हजेरी ठरवणाऱ्याने एकमेकांचं तोंड पाहिलेलं दिसत नाही. मुकादम म्हणाला, एप्रिल संपेपर्यंत परीक्षा. उशीर झाला की नावापुढे लाल खूण, तीन खुणा झाल्या की घरी बसा, टिकाल त्या कायम. वीस जणींतल्या सात पहिल्याच आठवड्यात गेल्या. माझी एक खूण झाली. काम गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की तुम्ही आणि तुमचा लाडका भाचा मिळून माझं गाठोडं बांधणार, हे मला न शिकता कळतं. परवा तो म्हणाला, आई, आत्याकडे तुला आराम मिळेल. पोटचा पोरगा माझ्या आरामाची काळजी करायला लागला तेव्हाच मला संशय आला.

म्हणून मी सायकल घेतली. जुनी, हिरवी, बायकांची, पुढे टोपली. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारायची. आता छत्तीस वर्षांनी बसले. एकदा आलेली सायकल माणूस विसरत नाही असं लोक म्हणतात. लोक खोटं बोलतात. पहिल्या दिवशी मी एका खांबाला मिठी मारली. आता येते. ब्रेक तेवढा उशिरा आठवतो.

तुमची वहिनी


९ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. अक्षराला हसले नाही. खांबाला मात्र हसले, खोटं कशाला सांगू.

एक्कावन्नाव्या वर्षी अकरा किलोमीटर जायचे आणि अकरा यायचे, हे तुम्ही ठरवलंय तर मी अडवणारी कोण. तुम्ही कधी कोणाचं ऐकलंय? दादाने सुद्धा लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात नाद सोडला होता.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे खोली बंद करायला गेले, पण धूळ पाहवेना, म्हणून झाडून घेतली. खिडकीचं दार नीट बसत नव्हतं, तेही करून घेतलं. घर आहे तर नीट असावं, दुसरं काही नाही. लायब्ररीत सध्या जुनी पुस्तकं बाद करायचं काम चालू आहे. दिवस जातो. संध्याकाळ जरा लांबते.

म्हणजे अजून दोन खुणा उरल्या, नाही का? सहज विचारलं.

तुमची नणंद


१९ मार्च

वन्सं,

खुणेचं विचारलंत. एकच आहे. वाढलेली नाही. आता दुसरं ऐका.

कालव्याच्या कडेने माझा रस्ता जातो. पहाटे तिथे एक माणूस माझ्या मागच्या चाकाला चिकटायला लागला. डोक्यावर हेल्मेट, अंगाला घट्ट पिवळे कपडे, सोलायचं राहून गेलेलं केळं जसं. मी हळू झाले की तो हळू. मी जोर केला की तोही जोर करतो. दोन दिवस गप्प बसले. मी दोन दिवस गप्प बसले यावरून काय ते समजा. तिसऱ्या दिवशी ब्रेक वेळेवर आठवला. उतरले, सायकल आडवी घातली आणि त्याला विचारलं की घरी आईबहीण आहे की नाही. माणूस हेल्मेटपर्यंत लाल झाला. हात जोडून म्हणाला, "बाई, गैरसमज नको. तुमच्या मागे वारा लागत नाही."

मला आधी ती शिवीच वाटली. मग त्याने नीट सांगितलं. कालव्यावर वारा समोरून येतो. पुढचा जो असतो तो वारा फोडतो, मागच्याचे कष्ट वाचतात. त्यांची सहा जणांची टोळी आहे, आळीपाळीने पुढे होतात, पण सगळे काटकुळे, एकाचाही आडोसा होत नाही. माझा होतो. वीस वर्षं ओल्या चादरी उचलून खांदे असे झालेत की दारातून आडवं जावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहेच, तुम्ही माझ्या मुलाच्या लग्नात बोलूनही दाखवलं होतं. पण इतक्या आदराने मला कोणी रुंद म्हटलं नव्हतं.

तो दातांचा डॉक्टर निघाला. मी त्याला दातवाला म्हणते. टोळीत एक मोटार शिकवणारी बाई आहे. दिवसभर भित्र्या लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबते, म्हणून सकाळी अशा गाडीवर बसते जिच्यावर शेजारी कोणी बसू शकत नाही. मला आवडली. बाकीचे चौघे नुसते धापा टाकतात. सगळे चाळिशी-पन्नाशीतले, सगळ्यांनी वैद्याच्या धाकाने सायकल परत धरलेली. मला धाक मुकादमाचा.

आता रोज सव्वापाचला पुलावर भेटतो. मी पुढे, ते मागे. बदल्यात ते माझ्या चाकात हवा भरतात, साखळीला तेल घालतात. बदकीण आणि पिल्लं. पिल्लांना टक्कल आहे एवढंच.

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

मजा वाटली वाचून. ओळखी होतायत, चांगलं आहे. माणसाला सोबत हवी. मी तर म्हणतेच.

त्या दातवाल्याचं वय काय असेल? घरी कोण कोण असतं? तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल अकरा ओळी आहेत आणि तुमच्या मुलाबद्दल एकही नाही. मी मोजल्या नाहीत, दिसल्या. दादा जाऊन सहा वर्षं झाली, तुम्ही मोकळ्या आहात, मला काही म्हणायचं नाही. पण नवं काही ठरवण्याआधी घरच्या माणसांचा विचार घ्यावा. त्या खोलीला मी चुना लावून घेतला. भिंती फारच काळवंडल्या होत्या.

पडू नका. पडलात तर कळवा.

नणंद


६ एप्रिल

वन्सं,

दातवाल्याला बायको आहे, तीन मुली आहेत आणि एक सासू आहे जिचे सगळे दात शाबूत आहेत. झालं समाधान? चोराच्या मनात चांदणं. उद्या मी रिक्षात बसले तर रिक्षावाल्याचं गोत्र विचाराल.

आता खरं ते लिहिते, कारण लपवायची मला सवय नाही. दुसरी खूण झाली.

झालं असं. त्या दिवशी माझे पाय जड होते म्हणून मोटारबाई म्हणाली, आज मागे या, आराम करा. मी दातवाल्याच्या मागे. पाहते तर तो मधूनच डावा हात खाली सोडतो आणि मागे हलवतो. कुत्र्याला हाड म्हणावं तसं. एकदा झालं, दोनदा झालं. पाचव्यांदा माझं डोकं फिरलं. तीन आठवडे माझ्या आडोशाने फुकट आले आणि आज मला हाकलतो? काही न बोलता उभी राहून पायडल मारलं आणि सगळ्यांना मागे टाकून पुढे झाले. मनात म्हटलं, या आता मागे, घ्या वारा.

वन्सं, ती त्यांची खूण होती. पुढच्याने खड्डा दिसला की हाताने मागच्याला दाखवायचा, मागच्याने त्याच्या मागच्याला. मागच्याला पुढचं काही दिसत नाही ना, म्हणून. इतके दिवस मीच पुढे होते आणि मी कधी हात हलवला नव्हता. हे बिचारे माझ्या पाठीकडे बघत देवाच्या भरवशावर येत होते. भिडेखातर मला कोणी बोललं नाही.

तर मी रागात पुढे, समोर हा एवढा खड्डा. मी वळसा घातला. मागे चिकटलेला दातवाला सरळ आत गेला. त्याचं चाक माझ्या चाकाला लागलं, मीही आडवी. माझं डावं कोपर सोललं. त्याचा पुढचा वरचा दात अर्धा तुटला.

मी त्याला टोपलीतल्या टॉवेलने तोंड धरून दुसऱ्या दातवाल्याकडे नेलं. ते दोघे एकमेकांचे वैरी. दुसऱ्याने इतक्या आनंदाने दात तपासला की मला त्याचीच लाज वाटली. सहाला हजेरी, मी पोचले साडेसातला. मुकादमाने लाल पेन असं दाबलं की कागद फाटला.

दातवाल्याची माफी मागितली. मला माफी मागायला जमत नाही, पण मागितली. तो तुटक्या दातातून हसला आणि म्हणाला, हात दाखवायला शिका. आता शिकले.

चोवीस दिवस उरलेत आणि खूण एकच. कोपराचं तुमच्या भाच्याला कळवू नका. मी लांब बाह्यांचं घालते. त्याला कळलं तर सायकल बंद करील.

वहिनी


१० एप्रिल

वहिनी,

वाचून काळजात धस्स झालं. कोपराला हळद लावा, पाणी लागू देऊ नका, धुलाईखान्यात तर पाणीच पाणी. मी कोणाला कशाला सांगू. तुम्ही नि मी, आणखी कोण.

काळजी घ्या. एकच उरली म्हणजे एकच उरली.

नणंद


२ मे

वन्सं,

आज मायना नाही. नमस्कारही नाही.

सव्वीस एप्रिलला संध्याकाळी चिरंजीव आले. चहा नको म्हणाले. जिन्याखाली गेले, खिशातून साखळी काढली, माझी सायकल पाण्याच्या नळाला बांधली, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. मग वर येऊन मला म्हणतो, "आई, कोपर दाखव."

कोपर मी त्याला दाखवलं नव्हतं. सुनेला नाही, शेजारणीला नाही. कामावरच्या बायकांना वाटतं मला थंडी वाजते. लिहिलं एकीलाच होतं. भिंतीला कान असतात म्हणे. तुमच्या भिंतीला तर तोंड आहे.

मी त्याच्याशी भांडले नाही. दमले होते. परीक्षेचे चारच दिवस राहिले होते. सकाळी चारला उठले, पुलापर्यंत चालत गेले. टोळी आली. मी म्हटलं, आज वाऱ्याची तुमची तुम्ही बघा, मी चालत निघाले, सहाला पोचणार नाही हे मला कळतं, पण घरी बसून तिसरी खूण घेणार नाही. मोटारबाई म्हणाली मोटारीने सोडलं असतं, पण मोटार होती दुरुस्तीला. चौघे धापा टाकत उभे. तेव्हा दातवाला खाली उतरला आणि त्याची सायकल माझ्या हातात दिली. म्हणाला, तुटक्या दाताच्या दातवाल्याकडे रोगी येत नाहीत, मी नवा दात बसेपर्यंत रिकामाच आहे, न्या.

वन्सं, त्या सायकलची सीट म्हणजे विळीचं पातं. पायडल बिस्किटाएवढं. टोपली नाही, स्टँड नाही, घंटी नाही. वजन इतकं कमी की मी बसल्यावर तिला काय वाटलं असेल देव जाणे. पण पळते. पाचही जण माझ्या मागे, आणि मी प्रत्येक खड्ड्याला हात दाखवत होते, जिथे खड्डा नव्हता तिथेही दाखवला. धुलाईखान्याच्या फाटकात सहाला तीन मिनिटं होती. मुकादम लाल पेनाचं टोपण काढूनच बसला होता. माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, मागच्या हेल्मेटांच्या रांगेकडे बघितलं. टोपण लावलं.

चारही दिवस तसेच गेले. तीस तारखेला कागदावर सही केली. तेरातल्या आठ जणी कायम झाल्या, त्यात मी.

संध्याकाळी त्याच सायकलवर मुलाच्या दारात गेले. किल्ली दे म्हणायची वेळ आली नाही, सुनेनेच आणून दिली. चहात साखर जास्त घातली होती, त्यावरून ती कोणाच्या बाजूची ते कळलं. मुलगा खाली मान घालून म्हणाला, आत्यानेच लिहिलं, आई पडते, लपवते, एकदा महिनाभर सायकल थांबली की सगळं आपोआप ठरेल.

आपोआप. म्हणजे काम जाईल, खोली जाईल. चुना उगाच नव्हता लावला.

तुम्हाला मनातून काय हवं होतं ते लिहा. गोल गोल नको. नाहीतर हे शेवटचं पत्र.


२१ मे

वहिनी,

एकोणीस दिवस रोज लिहायला बसले आणि रोज फाडलं.

मी लिहिलं त्याला. कोपर हे निमित्त. तुम्ही पडाल याची भीती वाटली असं इथे लिहिता आलं असतं, आणि तुम्ही कदाचित मानलंही असतं. पण तुम्ही गोल नको म्हणालात.

मला तुमची तिसरी खूण हवी होती. मी रोज वाट पाहिली. लायब्ररीतल्या कॅलेंडरवर तुमचे दिवस मोजत होते. दुसरी खूण झाल्याचं वाचलं त्या दिवशी मी बाजारात जाऊन तुमच्यासाठी खाट घेऊन आले. उंच खाट, कारण खाली बसलं की तुम्हाला उठताना त्रास होतो. चुना, खिडकी, खाट, सगळं तुम्ही हरण्याच्या आशेवर केलं. एवढं वाईट माणूस मी नव्हते, निदान मला तसं वाटत होतं.

आई होती तोवर घरात कोणीतरी ओरडणारं होतं. आता मी घरी येते, किल्ली फिरवते, आणि तो आवाजच सगळ्यात मोठा असतो. तुम्ही लिहिलंत की दार तुम्ही उघडलं तरच उघडतं. तुम्हाला ते सुख आहे. मला नाही.

फोनवर आपण भांडायचो ते मी बंद केलं, कारण फोन ठेवल्यावर घर जास्तच गप्प व्हायचं.

क्षमा मागते. द्या असं म्हणत नाही.


२५ मे

वन्सं,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा दात ओठ खाल्ले. दुसऱ्यांदा नाही.

तुम्ही एवढी पुस्तकं सांभाळता आणि "मला एकटीला करमत नाही" एवढे चार शब्द लिहायला तुम्हाला तीन महिने आणि एक खाट लागली? मी चौथीतून उठलेली, पण एवढं तर मीही लिहिलं असतं.

राग गेलेला नाही. जाईल तेव्हा कळवीन. तोवर शिक्षा.

तुमचं गाव इथून बत्तीस किलोमीटर. बरोबर मध्ये, सोळावर, धरणाची भिंत आहे, तिथे एक चहाची टपरी आहे, मोटारबाईने जाऊन पाहिली. रविवारी मला सुट्टी. सोळा मी येते, सोळा तुम्ही या. बसने नाही. सायकलने. येत नाही म्हणू नका, तुम्ही अठ्ठेचाळीसच्या आहात, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि अंगात किती खोड्या आहेत ते आता सगळ्यांना माहीत आहे. टोळीला मी सांगून ठेवलंय की माझी नणंद येणार आहे. दातवाल्याचा नवा दात बसला, तो तुम्हाला बघायला उत्सुक आहे. त्याचं वय सत्तेचाळीस. विचारलं होतंत ना.

वहिनी


३० जून

वहिनी,

शिक्षा मान्य करून पाच आठवडे झाले. सायकल घेतली. काळी आहे, सेकंडहँड. रोज संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात शिकते.

मागे धरायला माणूस हवा होता. तुमच्या चिरंजीवांना बोलावलं. म्हटलं, आईची सायकल बांधून ठेवलीस ना, आता आत्याची धरून पळ. चार रविवार बसने आला. धरून पळतो, धापा टाकतो आणि विचारतो की हे आपल्या घराण्यात आहे की बाहेरून आलं. तिसऱ्या रविवारी मी "सोडू नकोस" म्हणत कुंपणापर्यंत गेले, मागे पाहिलं तर तो मैदानाच्या मध्यावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. पुढे पाहायचं राहिलं. कुंपण काटेरी आहे. माझं उजवं कोपर सोललंय, मला त्यातून काढताना त्याची पँट फाटली. तुमच्या सुनेला सांगू नका.

सायकल रात्री त्या खोलीत ठेवते, खाटेला टेकवून. खोली भरल्यासारखी वाटते.

परवा पहिल्यांदा गावाबाहेर गेले, एकटी. समोरून वारा होता. तुमची फार आठवण झाली.

आता मुद्द्याचं. या रविवारी मी निघते आहे, सकाळी सहाला. पण सोळा काही जमणार नाहीत. सात जमतात, नीट मोजलेत. सातव्या किलोमीटरला मोठं वडाचं झाड आहे, मी तिथे सायकल टेकवून बसते. उरलेले नऊ तुम्ही जास्त या. तुम्ही थोरल्या आहात.

तुमची नणंद